चुकलेले निदान आणि फौजदारी कायदा

महोदय,

रुग्ण दगावतो, त्याचा आजार डॉक्टरांनी सांगितलेल्या आजारापेक्षा वेगळाच होता हे मागाहून उघड होते, आणि नातेवाईक गुन्हा नोंदवण्यासाठी पोलीस ठाणे गाठतात. त्यांचा संताप समजण्याजोगा असतो आणि पुष्कळदा त्यांच्या तक्रारीत तथ्यही असते. मात्र चुकलेल्या निदानाबद्दल डॉक्टर, परिचारिका किंवा तंत्रज्ञ यांना फौजदारी कायद्याखाली नेमके केव्हा जबाबदार धरावे, ही चर्चा आपल्याकडे 'डॉक्टरांना मोकळे सोडायचे का' आणि 'डॉक्टरांना तुरुंगात टाकायचे का' या दोन टोकांच्या पुढे फारशी जात नाही. वैद्यकाचे अध्यापन करण्यात माझे आयुष्य गेले. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की, निदान चुकले का, हे परिणाम पाहूनच कळते; पण गुन्हा घडला का, हे परिणाम बाजूला ठेवून तपासले पाहिजे. आणि फौजदारी कायद्याचा रोख प्रामाणिक चुकीपेक्षा ती दडपण्यासाठी केल्या जाणाऱ्या उद्योगांवर असला पाहिजे.

आधी कायद्याकडे पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ ची जागा कलम १०६(१) ने घेतली. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास आता पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र तीच कृती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने वैद्यकीय प्रक्रिया करताना केली असेल, तर कैदेची कमाल मर्यादा दोन वर्षे आहे. डॉक्टरांना ही सवलत का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. जुन्या कायद्यात सर्वांसाठीच कमाल शिक्षा दोन वर्षे होती, म्हणजे डॉक्टर होते तिथेच राहिले आणि इतरांची शिक्षा वाढली, एवढाच त्याचा अर्थ. माझी हरकत वेगळीच आहे. ताप आणि पोटदुखी घेऊन आलेल्या रुग्णाला बाह्यरुग्ण विभागात तपासून, दोन गोळ्या लिहून देऊन घरी पाठवणाऱ्या डॉक्टरने 'वैद्यकीय प्रक्रिया' केली असे म्हणायचे का? न्यायालयाने या शब्दांचा व्यापक अर्थ घेतला तर प्रश्न मिटेल. संकुचित अर्थ घेतला, तर शस्त्रक्रियेत घोर चूक करणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि आजार न ओळखता रुग्णाला घरी पाठवणाऱ्याला पाच वर्षे, असा विचित्र प्रकार होईल. शिवाय कलमाच्या स्पष्टीकरणानुसार 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ खाली मान्य असलेली पात्रता धारण करणारी आणि त्याखालील नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती. परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणारे दृष्टितज्ज्ञ यांपैकी कोणीही या व्याख्येत बसत नाही. एकाच रुग्णाचे एकच निदान हुकले, तर डॉक्टरला एक मर्यादा आणि त्याच्याच शेजारी उभ्या असलेल्या, बहुधा कमी पगाराच्या आणि कमी अधिकाराच्या कर्मचाऱ्याला त्याच्या अडीचपट मर्यादा, ही तरतूद कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

शिक्षा किती, याच्याही आधी प्रश्न येतो तो गुन्हा कशाला म्हणायचे हा. त्याचे उत्तर निदान करणे म्हणजे काय ते समजून घेतल्याशिवाय देता येत नाही. एक उदाहरण जरा बारकाईने पाहू. मध्यरात्री अपघात विभागात पन्नाशीचा एक माणूस येतो. छातीत असह्य दुखते आहे, अंग घामाने भिजले आहे, ईसीजीत हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल आहेत. कर्तव्यावरचा डॉक्टर हृदयविकाराचे निदान करतो आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सुरू करतो, कारण अशा वेळी मिनिटा-मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो आणि उशीर हाच अपराध मानला जातो. पण या रुग्णाच्या महाधमनीचे अस्तर फाटलेले असते. ती चीर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या तोंडापर्यंत गेली की ईसीजी अगदी झटक्यासारखाच दिसू शकतो, आणि इतर रुग्णांना जीवदान देणारे तेच औषध याच्या जिवावर उठते. हा आजार हृदयविकाराच्या तुलनेत फार क्वचित आढळतो. वेदना पाठीकडे सरकते आहे का, दोन्ही हातांच्या रक्तदाबात फरक आहे का, छातीच्या एक्स-रेत मध्यभागाची सावली रुंदावली आहे का, या खुणा पुस्तकात आहेत. पण कितीतरी रुग्णांत त्या सापडतच नाहीत. सीटी करावा, तर ज्याला खरोखरच झटका आलेला आहे त्याची बहुमोल वेळ जाते. शवविच्छेदनाच्या टेबलावर फाटलेली महाधमनी समोर आली की मात्र प्रत्येकाला वाटते, हे कसे सुचले नाही?

हे 'कसे सुचले नाही' वाटणे हीच खरी अडचण आहे. बरूच फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, एखाद्या घटनेचा शेवट ठाऊक झाला की माणसांना तो आधीपासूनच अटळ होता असे वाटू लागते, आणि आपल्यालाही तो ओळखता आला असता अशी त्यांची खात्री पटते. न्यायाधीश, पोलीस अधिकारी, तज्ज्ञ समितीवरचे डॉक्टर, वार्ताहर, आपण सारेच याला बळी पडतो. पाहणे आणि दिसणे यांतही मोठे अंतर असते. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्ष-किरण तज्ज्ञांना फुप्फुसांच्या सीटी प्रतिमांत कर्करोगाच्या गाठी शोधायला सांगितले होते आणि त्या प्रतिमांत गोरिलाचे एक चित्र मुद्दाम घुसवले होते. ते सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे होते. २४ पैकी २० तज्ज्ञांना ते दिसलेच नाही, आणि न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर त्या जागेवरून गेल्याची नोंद यंत्राने टिपली होती. ही माणसे आळशी नव्हती, बेफिकीर तर मुळीच नव्हती. गाठी शोधण्याच्या कामात ती पूर्ण बुडाली होती. अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, बहुतेक माणसांना आयुष्यात किमान एकदा तरी चुकीच्या किंवा उशिरा झालेल्या निदानाला तोंड द्यावे लागेल; आणि शवविच्छेदनांच्या अनेक दशकांच्या अभ्यासांवरून सुमारे दहा टक्के मृत्यूंमध्ये निदानातील चुकीचा वाटा असल्याचे दिसते. हे आकडे कोणाला दिलासा देण्यासाठी मी लिहीत नाही. ते भयंकर आहेत. पण एवढ्या व्यापक प्रमाणावर, चांगल्या-वाईट सर्वांच्याच हातून घडणारी गोष्ट गुन्हा म्हणून हाताळली, तर त्यातून रुग्ण वाचत नाहीत, हे त्यांतून स्पष्ट होते.

इंग्लंडमध्ये या विषयावर अलीकडे बरेच मंथन झाले आहे आणि आपल्या न्यायालयांचा या शाखेतील विचार इंग्रजी न्यायनिर्णयांशी जोडलेला असल्याने ते आपल्याही उपयोगाचे आहे. २०१२ मध्ये एका आठ वर्षांच्या मुलाला आई नेहमीच्या नेत्रतपासणीसाठी घेऊन गेली. दुकानातील कर्मचाऱ्याने डोळ्यांच्या आतल्या भागाची छायाचित्रे काढून ठेवली होती आणि त्यांत दृष्टिचेतेची, म्हणजे डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या मज्जातंतूची, चकती सुजलेली दिसत होती. मेंदूत पाणी साठून दाब वाढल्याचे ते लक्षण होते. दृष्टितज्ज्ञ महिलेने ती छायाचित्रे पाहिलीच नाहीत; चुकून दुसऱ्याच प्रतिमा पाहिल्या, असे तिचे म्हणणे होते. पाच महिन्यांनी तो मुलगा वारला. वेळेवर कळले असते तर त्यावर उपचार होते. २०१६ मध्ये ज्युरीने तिला घोर निष्काळजीपणातून मनुष्यवध केल्याबद्दल दोषी धरले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली. न्यायालयाचा मुद्दा असा होता की, मृत्यूचा गंभीर आणि उघड धोका हा कर्तव्यभंगाच्या क्षणी त्या व्यक्तीला प्रत्यक्षात जे ठाऊक होते त्यावरून दिसायला हवा. तिने कर्तव्य बजावले असते तर जे कळले असते, ते जमेस धरून चालणार नाही. वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलाच्या नेहमीच्या तपासणीत असा धोका कोणालाही उघड दिसला नसता. आदल्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, याच न्यायालयाने एका कुटुंबवैद्य महिलेच्या प्रकरणातही हीच भूमिका घेतली होती. फोनवर सांगितलेली लक्षणे ऐकून ती बारा वर्षांच्या मुलाला पाहायला तातडीने गेली नाही, आणि तो ॲडिसनच्या दुर्मीळ आजाराने दगावला. काहीतरी गंभीर असू शकते हे कळणे म्हणजे मृत्यूचा धोका कळणे नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दृष्टितज्ज्ञाच्या प्रकरणातील निकाल प्रथम वाचला तेव्हा तो मला पटला नव्हता. ज्याने पाहिले आणि ओळखले नाही तो अडकू शकतो, आणि ज्याने पाहिलेच नाही तो सुटतो, हा न्याय कसला, असे कोणत्याही आईबापाला वाटेल. अधिक विचार केल्यावर मी त्या निकालाच्या बाजूचा झालो आहे. न पाहणे हा कर्तव्यभंग आहे, तो गंभीर आहे आणि त्यासाठी परवाना निलंबित करण्यापासून नुकसानभरपाईपर्यंतचे सर्व मार्ग खुले असलेच पाहिजेत. परंतु माणसाला मनुष्यवधाचा गुन्हेगार ठरवण्यासाठी समोरच्या जिवाची त्याला पर्वा नव्हती, असे काहीतरी सिद्ध व्हायला हवे. १९२५ मध्ये एका डॉक्टरच्याच खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने सांगितले होते की, निष्काळजीपणा दोन व्यक्तींमधील भरपाईच्या पलीकडे जाऊन इतरांच्या जीविताची बेपर्वाई दाखवणारा असेल, तेव्हाच तो राज्याविरुद्धचा गुन्हा होतो. रुग्ण काळानिळा पडतो आहे असे परिचारिका वारंवार सांगत असताना उठायचेच नाही म्हणून न उठणारा डॉक्टर आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात चुकीची फिल्म हातात घेतलेला डॉक्टर यांच्यातील फरक आपल्या कायद्यालाही करता आला पाहिजे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो केला आहे. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २००५ मध्ये न्यायालयाने म्हटले की, फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा घोर असला पाहिजे; निव्वळ निर्णयातील चूक किंवा अपघात पुरेसा नाही. खासगी तक्रारीला दुसऱ्या सक्षम डॉक्टरच्या विश्वासार्ह मताचा आधार हवा. तपास अधिकाऱ्याने कारवाईपूर्वी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतील, तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यावे. आणि केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला सरसकट अटक करू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वेही न्यायालयाने घालून दिली. त्याच निकालात १९०२ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाचा आधार घेतला आहे. सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी त्यात म्हटले होते की, मृत्यू हा आरोपीच्या कृतीचा थेट परिणाम असला पाहिजे, ती कृती मृत्यूचे निकटचे आणि प्रभावी कारण असली पाहिजे. निदान हुकते तेव्हा रुग्णाला मारतो तो आजार. वेळेवर कळले असते तर तो वाचला असता का, याचे उत्तर बहुतेक वेळा शक्यतेच्या भाषेतच देता येते, आणि संशयापलीकडे सिद्ध होण्याची अट असलेल्या खटल्यात शक्यता पुरत नाही. म्हणूनच असे खटले वर्षानुवर्षे चालून अखेर निर्दोष सुटकेत संपण्याचा संभव मोठा असतो. कुटुंबाला त्यातून काय मिळते? तारखा.

मग लोक पोलिसांकडे का जातात, हे विचारलेच पाहिजे, आणि इथे मी माझ्या व्यवसायबंधूंच्या बाजूने बोलणार नाही. लोक पोलीस ठाण्यात जातात, कारण दुसरे दार उघडत नाही. खासगी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते; इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाने तो मार्ग पक्का केला. पण त्याच निकालानुसार जिथे सर्वांना सेवा मोफत मिळते ती रुग्णालये ग्राहक कायद्याच्या बाहेर राहिली. म्हणजे ज्या गरिबाने पूर्णपणे मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयात आपले माणूस गमावले, त्याला त्या दारात उभेही राहता येत नाही. राहतो दिवाणी दावा. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी एका महिलेच्या पोटात टॉवेल राहून गेला आणि ती दगावली. राज्य शासन त्याला जबाबदार आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल तिच्या पतीला मिळाला १९९६ मध्ये. तेहतीस वर्षे! ज्याने ही कहाणी ऐकली आहे तो दिवाणी न्यायालयाऐवजी पोलिसांकडे धाव घेत असेल, तर त्याला कसा दोष द्यायचा?

न्यूझीलंडने या कोंडीतून वेगळी वाट काढली. १९७४ पासून तेथे इजा झालेल्याला, कोणाचा दोष होता हे सिद्ध न करता, सार्वजनिक निधीतून भरपाई मिळते. आणि १९९७ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती करून अपेक्षित दक्षतेपासून मोठे विचलन झाले असेल तरच गुन्हा, अशी अट घातली गेली. या दोन गोष्टी एकत्र होत्या, हे महत्त्वाचे. भरपाईची सोय न करता केवळ डॉक्टरांना संरक्षण मागणाऱ्या संघटनांनी हे लक्षात घ्यावे. नुसते संरक्षण मागणे नैतिकदृष्ट्या लंगडे आहे.

भीतीचाही परिणाम होतो, आणि तो रुग्णच भोगतात. खटल्याच्या धास्तीने डॉक्टर अधिक नीट विचार करत नाही; तो अधिक तपासण्या लिहितो आणि अवघड वाटणारा रुग्ण पुढच्या रुग्णालयाकडे ढकलतो. त्या प्रवासात जाणारा वेळ कुठल्याही गुन्ह्यात मोजला जात नाही. त्याहून वाईट म्हणजे चूक झाल्यावर तिची चर्चा थांबते. मृत्यूनंतर विभागात बसून 'आपले काय चुकले' हे मोकळेपणाने बोलण्याची जी परंपरा चांगल्या शिक्षण रुग्णालयांत असते, ती तिथे बोललेले उद्या न्यायालयात वाचले जाईल या शंकेने मरते. मग तीच चूक पुढच्या पाळीतला डॉक्टर पुन्हा करतो.

म्हणून मला काही गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली, तज्ज्ञ समितीच्या कामाच्या पद्धतीविषयी. पोलीस सरकारी वैद्यकीय समितीचे मत मागवतात तेव्हा समितीपुढे संपूर्ण फाइल येते, शवविच्छेदन अहवालासह. शेवट वाचून मग सुरुवातीकडे पाहिले, तर प्रत्येक लक्षण ओरडून सांगत असल्यासारखे वाटते. त्याऐवजी निर्णयाच्या क्षणापर्यंतचे केसपेपर, तपासण्या आणि नोंदी तेवढ्याच, रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव झाकून, पुढे काय झाले ते न सांगता, त्याच शाखेतील आणि तशाच पातळीवरच्या रुग्णालयात काम करणाऱ्या तीन-चार डॉक्टरांना स्वतंत्रपणे द्यावेत. 'या क्षणी तुम्ही काय केले असते आणि का' एवढेच त्यांना विचारावे. त्या वेळी विभागात किती रुग्ण होते, कर्मचारी किती होते, यंत्र चालू होते का, हेही त्यांना कळवावे. त्यांच्यापैकी कोणालाच तो आजार सुचला नाही, तर फौजदारी प्रश्न तिथेच संपावा. सर्वांनीच 'यात शंका घेण्यासारखे काहीच नव्हते, रुग्णाला तातडीने दाखल करायला हवे होते' असे लिहिले, तर पुढचा तपास जरूर व्हावा, आणि मग समितीवरील डॉक्टरांनी व्यवसायबंधुत्वाची आड घेऊ नये. आपलेच आपल्याला वाचवतात ही लोकांची शंका निराधार नाही, म्हणून समितीचे कारणांसह मत कुटुंबाच्या हाती पडले पाहिजे.

दुसरी सूचना कलम १०६(१) संबंधी. 'वैद्यकीय प्रक्रिया' यात निदान, सल्ला आणि रुग्णाला घरी पाठवण्याचा निर्णय यांचा समावेश आहे असे संसदेने स्पष्ट करावे, आणि परिचारिका, तंत्रज्ञ व इतर नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिकांना तीच मर्यादा लागू करावी. जेकब मॅथ्यू निकालातील 'घोर' ही अट कायद्याच्या मजकुरातच यावी, म्हणजे प्रत्येक पोलीस ठाण्यात ती वाचली जाईल.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. केसपेपर बदलणे, मागील तारखेने नोंद करणे, नर्सिंगच्या नोंदीचे पान गायब करणे, तपासणीचा अहवाल आलाच नव्हता असे सांगणे, हे प्रकार घडतात. यात कसलीही निदानाची अडचण नाही, थकवा नाही, दुर्मीळ आजार नाही. हे शुद्धीवर असताना, विचार करून केलेले कृत्य आहे. फौजदारी कायद्याने आपली सारी कठोरता इथे वापरावी. खोटे दस्तऐवज बनवण्याविरुद्धची कलमे आहेतच, पण रुग्णाच्या नोंदींसाठी स्वतंत्र, ठळक आणि कडक तरतूद हवी, आणि ती संस्थेच्या चालकांनाही लागू असावी, कारण दडपण बहुधा वरून येते. त्याच्या जोडीला, उपचारात चूक झाल्याचे कळताच ते रुग्णाला किंवा कुटुंबाला सांगण्याचे बंधन संस्थेवर असावे. इंग्लंडमध्ये २०१४ पासून सरकारी आरोग्यसेवेतील संस्थांवर असे कायदेशीर बंधन आहे.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी देणे बंधनकारक आहे. हा नियम किती ठिकाणी पाळला जातो, ते नातेवाईकांनाच विचारावे. संहितेतील दुरुस्तीला वेळ लागेल. हा नियम मात्र आजही लागू आहे. राज्यातील प्रत्येक जिल्ह्यात या मुदतीच्या उल्लंघनाची तक्रार घेणारा एक अधिकारी नेमणे आणि त्याचे नाव प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावणे, एवढे तरी शासनाने या वर्षात करावे, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अध्यापक